एका गाळलेल्या पिनेचा इतिहास

कोल्हापूर शहरातून गारगोटीच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघालात, की थोड्याच वेळात कळंबा लागते. कळंबा म्हटले की जुन्या कोल्हापूरकरांना आधी आठवतो तो तिथला तलाव. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून कोल्हापूर संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तलाव बांधला, तो शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून. तलाव उंचावर, शहर खाली. तेव्हा पाणी उताराने शहराकडे यायचे आणि 'पाण्याचा खजिना' म्हणून आजही जी जागा ओळखली जाते, तिथे ते साठवले जायचे. पुढे शहर वाढले, नदीचे पाणी उपसून आणावे लागले. पण तलावातले पाणी दूरच्या वस्तीपर्यंत बंदिस्त वाटेने आणायचे, ही गोष्ट या भागातल्या माणसांना तेव्हापासून ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, संगणकावर बोलायला बसलात आणि हे तलावाचे काय काढलेत? सांगतो. तुमच्या गावातली नळयोजना डोळ्यांपुढे आणा. टाकी भरलेली आहे, घरचा नळही चांगला आहे. पण मधला एक सांधा नीट बसला नाही, तर तोटी सोडून बसलेल्या बाईला थेंब मिळत नाही. दोष टाकीत नाही आणि तोटीतही नाही. तो आहे सांध्यात, आणि सांधा जमिनीखाली असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

आज मी तुम्हांला अशाच एका न दिसणाऱ्या सांध्याचा इतिहास सांगणार आहे. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा घरी जो टेबलावरचा संगणक असतो, त्याच्या कॅबिनेटच्या तोंडावर पेन ड्राइव्ह घालण्यासाठी दोन चौकोनी खाचा असतात. त्यांना यूएसबी पोर्ट म्हणतात. खाचा बाहेर दिसतात. पण त्यांच्या मागून एक केबल आत जाते आणि मदरबोर्डावर उभ्या असलेल्या काही बारीक पिनांवर बसते. संगणक सुट्या भागांपासून जोडताना ही केबल आपल्या हातांनी बसवावी लागते. काम दोन मिनिटांचे आहे, पण चुकले तर पोर्ट मुका राहतो आणि फारच चुकले तर काहीतरी जळते. त्या पिनांमध्ये एक पिन मुद्दाम गाळलेली असते. ती का गाळली, हे ज्याला कळले त्याचा हात सहसा चुकत नाही.

सांध्याचे दुखणे काही संगणकापासून सुरू झालेले नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांनी ऑइल इंजिनाचे काम केले आहे, त्यांना बोल्ट आणि नट यांचे आटे जुळणे म्हणजे काय, हे सांगायला नको. एके काळी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा बोल्ट हरवला तर दुसऱ्याचा चालत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाने सर्वांनी एकाच मापाचे आटे पाडावेत अशी सूचना मांडली, आणि हळूहळू ती मानली गेली. यात कुणी नवे यंत्र शोधले नव्हते. वेगवेगळ्या माणसांनी एका मापावर एकमत केले होते, इतकेच. पण त्या एकमतामुळे एका गावचा नट दुसऱ्या गावच्या बोल्टावर बसू लागला.

एकमत नसले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने फार मोठी किंमत देऊन जगापुढे ठेवले. १९०४ सालच्या फेब्रुवारीत त्या शहरात मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब धावून आले. माणसे आली, पाण्याच्या नळ्या आल्या, रस्त्यात पाणीही होते. पण बाहेरून आलेल्या पुष्कळ नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या रस्त्यातल्या तोट्यांवर बसेनात! प्रत्येक शहराचे माप निराळे. दीड हजारांहून अधिक इमारती त्या आगीत गेल्या. त्यानंतर अमेरिकेत बंबांच्या नळ्यांसाठी एक माप ठरवण्याची खटपट नेटाने सुरू झाली.

आता संगणकाकडे वळू. आपल्या देशात घडवलेला पहिला मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागला. त्याचे 'टीफ्रॅक' हे नाव १९६२ साली पंडित नेहरूंनी ठेवले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. प्राध्यापक आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी तो घडवला, त्यांच्याच संस्थेत तो चालत होता. कोणती वायर कुठे जाते, हे घडवणाऱ्याला माहीत असे आणि अडचण आली तर तो शेजारच्या खोलीतच भेटे. अशा यंत्रात सांध्यांच्या मापांचा प्रश्न आपल्याला वाटतो तसा उभाच राहत नाही. सुतार स्वतःच्या घरासाठी स्वतः दार करतो, तेव्हा चौकट कितीची आणि फळी कितीची हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

प्रश्न उभा राहिला तो संगणक बाजारात आला तेव्हा. १९८१ सालच्या ऑगस्टात आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' विक्रीला काढला. त्याचे पुष्कळसे भाग इतर कंपन्यांकडून घेतलेले होते आणि रचना बरीचशी उघड होती. त्यामुळे थोड्याच वर्षांत इतरही लोक तसे संगणक बनवू लागले. एकाने मदरबोर्ड करावा, दुसऱ्याने कॅबिनेट, तिसऱ्याने वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे आपले कारागीर ज्याला एसएमपीएस म्हणतात तो. १९९० नंतर आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीसुद्धा असे सुटे भाग आणून संगणक जोडून देणारी दुकाने निघाली. तयार कंपनीच्या संगणकापेक्षा हा 'असेम्बल्ड' संगणक स्वस्त पडे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला आणि हजारो शिक्षक-शिक्षिका पहिल्यांदा संगणकासमोर बसल्या. त्यांतल्या कितीतरी जणांनी ज्या यंत्रावर पहिले अक्षर उमटवले, ते असेच कुणीतरी पेचकस घेऊन हाताने जोडलेले होते.

परंतु सुट्या भागांच्या या सोयीबरोबर सांध्यांचे जंगलही वाढले. त्या काळच्या संगणकाची पाठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. की-बोर्डाची गोल खाच वेगळी, माउसची वेगळी, प्रिंटरची २५ पिनांची रुंद खाच वेगळी, मोडेमची आणखी वेगळी. नवे उपकरण जोडायचे तर संगणक बंद करा, जोडा, पुन्हा सुरू करा, त्याची सेटिंगे बदला. आणि एवढे करून दोन उपकरणांत भांडण लागले तर पुन्हा पहिल्यापासून! घरी साधा प्रिंटर जोडायचा तरी जाणकार बोलवावा लागे.

हा त्रास ज्यांना खटकला, त्यांत अजय भट्ट हे एक होते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९९० साली इंटेल कंपनीत लागले. घरच्या माणसांना प्रिंटर जोडताना होणारी यातायात पाहून आपल्या मनात ही कल्पना आली, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. भिंतीवरच्या विजेच्या प्लगइतके सोपे काहीतरी संगणकाला का असू नये, हा त्यांचा प्रश्न. १९९४ साली सात कंपन्या या कामासाठी एकत्र आल्या आणि १९९६ सालच्या जानेवारीत यूएसबीचा पहिला आराखडा जाहीर झाला. यूएसबी म्हणजे 'युनिव्हर्सल सीरियल बस'. आपल्या भाषेत सांगायचे, तर सगळ्यांना चालणारी एकच वाट. ती वाट वापरायला स्वामित्वधन द्यावे लागत नव्हते, म्हणून लहानमोठ्या सर्वच कारखानदारांनी ती उचलली. या कामाबद्दल भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१३ साली युरोपियन संशोधक पुरस्कार मिळाला.

या वाटेची रचना पाहा किती साधी आहे. अवघ्या चार वायरी. तांबडी वायर ५ व्होल्टची वीज नेते. काळी वायर ती वीज परत आणते. आपण तिला ग्राउंड म्हणतो. मधल्या पांढऱ्या आणि हिरव्या वायरींवरून माहिती जाते-येते. पेन ड्राइव्हच्या तोंडात डोकावून पाहिलेत तर चार पिवळ्या पट्ट्या दिसतील. त्यांतल्या कडेच्या दोन किंचित लांब आणि मधल्या दोन किंचित आखूड असतात. कां बरे? पेन ड्राइव्ह आत सरकवताना आधी वीज पोहोचावी आणि मग माहितीची वाट उघडावी, म्हणून. पाहुणा दारात आला की आधी पाणी द्यायचे आणि मग बोलणे काढायचे, तसेच हे. त्यामुळेच चालू संगणकात उपकरण घातले तरी बिघडत नाही.

एक गैरसोय मात्र राहिली. ही खाच दोन्ही बाजूंनी चालत नाही. सरळ घालून पाहावे, जात नाही. उलटून पाहावे, जात नाही. पुन्हा सरळ करावे तो जाते! दोन्ही बाजूंनी चालणारा प्लग करायचा तर वायरी आणि खर्च दोन्ही वाढले असते आणि इतके स्वस्त काही झाले नसते, असे भट्ट यांनी पुढे सांगितले.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. सुरुवातीला यूएसबीचे पोर्ट संगणकाच्या पाठीमागेच असत, आणि ते ठीकच होते. प्रिंटर किंवा की-बोर्ड एकदा जोडला की वर्षानुवर्षे तसाच. मागे हात घालायचा प्रसंग कितीदा येणार? पण २००० सालाच्या सुमारास पेन ड्राइव्ह बाजारात आले. त्याच वर्षीच्या एप्रिलात यूएसबीची दुसरी आवृत्ती निघाली आणि माहितीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिटांवरून ४८० मेगाबिटांवर गेला. मग दिवसातून दहा वेळा घालायचे आणि काढायचे, असे उपकरण लोकांच्या खिशात आले. प्रत्येक वेळी टेबलाखाली वाकून, धुळीत हात घालून मागची खाच चाचपायची कुणी? तेव्हा विहिरीवरचे पाणी जसे अंगणातल्या तोटीपर्यंत आणतात, तसा पाठीमागचा पोर्ट तोंडाशी आणला गेला.

इथेच तो सांधा निर्माण झाला. पाठीमागचे पोर्ट मदरबोर्डालाच पक्के डकवलेले असतात. तिथे जोडायचे काही राहत नाही. पुढचे पोर्ट मात्र कॅबिनेटवाल्याचे आणि ज्या पिनांतून त्यांना जीव मिळायचा त्या मदरबोर्डवाल्याच्या. हे दोघे कारखानदार दोन देशांतले, एकमेकांना न ओळखणारे. पोर्टाच्या बाहेरच्या तोंडाचे माप तर जगाने ठरवून टाकले होते. पण कॅबिनेटच्या आतली वीतभर वाट कुणाच्याच हिशेबात नीट धरलेली नव्हती. कुठल्या मदरबोर्डावर पिनांचा क्रम असा, तर कुठल्यावर तसा. बिचाऱ्या कॅबिनेटवाल्याने काय करावे? त्याने प्रत्येक वायरीच्या टोकाला एकेक सुटे टोपण लावून दिले आणि जणू सांगितले, की बाबा, तुझ्या बोर्डाचे पुस्तक उघड आणि तुझे तू बसव.

त्या सुट्या वायरींनी मला दिलेला धडा मी विसरलेलो नाही. आमच्या भागातल्या एका शाळेसाठी मी एक संगणक जोडून देत होतो. आठ सुटी टोपणे, बारीक अक्षरे, संध्याकाळची वेळ आणि लोडशेडिंगच्या आधी काम आटोपण्याची घाई. मदरबोर्डाचे पुस्तक होते, पण मी ते उघडले नाही. तांबडी कडेला आणि काळी दुसऱ्या कडेला, हे मला पाठ होते. पण कडा कोणती, हे मी पाहिले नाही. संगणक सुरू झाला, पडदा उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या शाळेतल्या एका बाईंनी आपला पेन ड्राइव्ह पुढच्या खाचेत घातला. दिवा लागला नाही. थोड्या वेळाने त्यांनी तो काढला, तर हाताला चटका बसावा इतका तापलेला! उलट्या दिशेने वीज गेल्यामुळे तो कायमचा गेला. त्यात त्यांच्या वर्गाच्या वर्षभराच्या गुणांचे तक्ते होते. गुणांची कागदी वही होती म्हणून निभावले. पण बाईंना सगळे आकडे पुन्हा भरावे लागले. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला पुष्कळ दिवस वाटत राहिले. चूक माझी होती, यात शंका नाही. पण आठ सुटी टोपणे हातात देणाऱ्या त्या रचनेनेही चुकीला वाट मोकळी ठेवली होती. माणूस घाई करणार, अंधारात काम करणार, पुस्तक उघडायचा कंटाळा करणार. मग निदान सांधा तरी असा हवा, की तो उलटा बसताच कामा नये.

आणि पुढे तसेच झाले. मदरबोर्डवाले आणि कॅबिनेटवाले पिनांच्या एकाच मांडणीवर आले. ती मांडणी आज सगळीकडे दिसते. गुरुजींनी ती फळ्यावर काढून दाखवावी इतकी सोपी आहे. पाच-पाच पिनांच्या दोन ओळी काढा. म्हणजे जागा झाल्या १०. आता एका ओळीतली कडेची एक पिन पुसून टाका. उरल्या ९. एका ओळीत ४ आणि दुसऱ्या ओळीत ५. प्रत्येक ओळ म्हणजे एक पोर्ट. गाळलेल्या पिनेपासून सर्वांत लांबच्या टोकाला तांबडी वायर, मग पांढरी, मग हिरवी, मग काळी. दुसऱ्या ओळीतही हाच क्रम आणि शेवटच्या पाचव्या पिनेला काही काम नाही. मग पाचवी पिन ठेवली कशाला? एका कोपऱ्यात पिन आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात नाही, हा फरक डोळ्यांना आणि बोटांना कळावा म्हणून. केबलच्या प्लगात जिथे पिन नको तिथले भोक बुजवलेले असते. प्लग उलटा धरलात, तर बुजवलेले भोक खऱ्या पिनेवर येते आणि प्लग खालीच बसत नाही. आठ सुट्या टोपणांच्या जागी एकच प्लग आला आणि त्याने तुमच्याऐवजी 'नाही' म्हणायचे काम पत्करले.

ती रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. माझ्यासारख्यांनी जाळलेल्या वस्तूंची आठवण तिथे ठेवलेली आहे, असे मी समजतो.

पण श्रोतेहो, सांधा शहाणा झाला म्हणून आपण डोळे मिटून चालणार नाही. याचीही दोन उदाहरणे सांगतो. कॅबिनेटच्या तोंडावर हेडफोन आणि माइक यांचीही भोके असतात. त्यांचा प्लगही १० जागांचा आणि ९ पिनांचाच. नुसते पाहिले तर जुळा भाऊ! पण त्यात गाळलेली पिन कोपऱ्यातली नसते. कडेवरून दुसरी असते. म्हणून बळ लावले नाही, तर यूएसबीचा प्लग आवाजाच्या पिनांवर बसत नाही. बळ लावले तर मात्र पिन वाकते आणि मग गाळलेल्या पिनेचा काही उपयोग राहत नाही.

दुसरे उदाहरण अधिक धोक्याचे आहे. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या पुष्कळ मदरबोर्डांवर 'फायरवायर' नावाच्या दुसऱ्याच एका वाटेचा हेडर असे. हेडर म्हणजे पिनांचा तो लहानसा जुडगा. बोर्डावर त्याच्याजवळ '१३९४' हा आकडा छापलेला असतो. त्यातही जागा १०, आणि गाळलेली पिन अगदी यूएसबीप्रमाणेच कोपऱ्यातली! म्हणजे यूएसबीचा प्लग तिथे विनातक्रार बसतो. पण यूएसबीची काळी वायर ज्या पिनांवर येते, नेमक्या त्याच पिनांवर फायरवायरमध्ये १२ व्होल्टची वीज असते. संगणक सुरू केला, की पोर्ट, त्यात घातलेले उपकरण आणि कधी कधी मदरबोर्डही जळतो. मदरबोर्डाच्या पुस्तकांत याबद्दल ठळक इशारा छापलेला असे. नव्या बोर्डांवर फायरवायर आता दिसत नाही. पण गावातल्या शाळांना शहरातून जे जुने संगणक देणगी म्हणून मिळतात, त्यांत असा बोर्ड निघू शकतो. म्हणून हे मुद्दाम सांगितले. दोन निरनिराळ्या वाटांच्या लोकांनी आपापल्या घरी एकमत केले, पण एकमेकांशी बोलून केले नाही, तर काय होते ते यातून दिसते.

आता प्रत्यक्ष काम कसे करावे ते क्रमाने सांगतो. शिक्षकांनी हवे तर टिपून घ्यावे.

पहिली गोष्ट, संगणक नुसता बंद करून भागत नाही. भिंतीवरचा प्लगच काढावा. संगणक झोपलेला असला तरी मदरबोर्डात ५ व्होल्टची थोडी वीज जागी असते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

दुसरी गोष्ट, बोर्डावर छापलेली अक्षरे बॅटरीच्या उजेडात वाचावीत. पुढच्या पोर्टांसाठीच्या हेडराजवळ 'यूएसबी' ही अक्षरे कुठल्या ना कुठल्या रूपात असतात. रंगावर भिस्त ठेवू नये. हेडराचा रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. अक्षरे आणि बोर्डाचे पुस्तक, हेच खरे.

तिसरी गोष्ट, प्लग पिनांवर दाबण्याआधी नुसता समोर धरावा. बुजवलेले भोक आणि गाळलेली पिन समोरासमोर आहेत की नाहीत, ते पाहावे. एक-एक जागा मोजावी. प्लग एक जागा सरकून बसला तरी अनर्थ होतो. मग सरळ खाली, दोन्ही बाजूंना सारखा दाब देऊन बसवावा. जात नसेल तर थांबावे. जोर करू नये. प्लग तुम्हांला काहीतरी सांगतो आहे, असे समजावे.

चौथी गोष्ट, संगणक सुरू केल्यावर पहिला पेन ड्राइव्ह रिकामा आणि जुना घालावा. ज्यात कुणाची मेहनत साठवलेली आहे असा घालू नये. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही. तो मला त्या बाईंच्या तापलेल्या पेन ड्राइव्हने शिकवला.

पुढच्या काळात ही वाट आणखी रुंद झाली. २००८ सालच्या नोव्हेंबरात यूएसबीची तिसरी आवृत्ती आली. वेग सेकंदाला ५ गिगाबिट झाला आणि एका पोर्टाला ४ वायरींच्या जागी ९ वायरी लागू लागल्या. दोन पोर्टांच्या १८ आणि आणखी एक, अशा १९ पिना. त्यांच्या भोवती प्लास्टिकचा कठडा असतो आणि कठड्याला एका बाजूला खाच असते. इथेही २० जागांतली एक गाळलेलीच आहे! या प्लगाची केबल जाड आणि ताठ असते. ती डावी-उजवीकडे हलवत ओढली, तर पिना वाकतात किंवा कठडाच उपटून येतो. म्हणून बसवताना आणि काढताना सरळ रेषेतच हात चालवावा. नवे कॅबिनेट आणि जुना मदरबोर्ड अशी गाठ पडली तर १९ पिनांचा प्लग ९ पिनांवर बसवून देणारी छोटी जोडवायर मिळते. पोर्ट चालतो, पण जुन्या वेगाने. २०१४ सालच्या ऑगस्टात टाइप-सी हा दोन्ही बाजूंनी चालणारा प्लग आला आणि तीनदा उलटसुलट करण्याचा जाच संपू लागला. त्याच्या पुढच्या पोर्टासाठी मदरबोर्डावर आणखी एक वेगळा, लहानसा चपटा हेडर असतो. म्हणजे बाहेरचा प्लग उलटा-सुलटा कसाही चालू लागला. आतला सांधा मात्र अजूनही नीट पाहूनच बसवावा लागतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेत एखादा बंद पडलेला संगणक कोपऱ्यात असेलच. त्याचा वीजपुरवठा काढून, पत्रा उघडून मुलांना एकदा तो आतून दाखवा. पुढच्या पोर्टापासून केबलीवर बोट ठेवून मुलाला पिनांपर्यंत जाऊ द्या. गाळलेली पिन त्याला शोधू द्या आणि मग विचारा, 'इथे पिन का नाही?' एखादा म्हणेल, तुटली असेल. एखादी म्हणेल, बनवायला विसरले असतील. लगेच उत्तर सांगू नका. प्लग हातात द्या, उलटा बसवून पाहायला सांगा. तो बसणार नाही, आणि मुलांना उत्तर आपोआप सापडेल. इतिहास केवळ लढाया आणि राजवटी यांचा नसतो. आपल्याआधी कुणीतरी काय चुकले आणि आपण चुकू नये म्हणून त्याने काय करून ठेवले, हाही इतिहासच, हे त्या मुलांना त्या दिवशी कळेल.

कळंब्याच्या तलावावर सहलीला गेलात, तर मुलांना पाण्याकडे बघायला सांगालच. त्याबरोबर हे पाणी शहरापर्यंत कुठून आणि कसे जात असेल, हेही विचारा. पाणी सर्वांना दिसते. सांधा बसवणाऱ्याचे काम कुणाला दिसत नाही. ते तो नीट करतो, तोवर त्याची कुणाला आठवणही होत नाही. संगणकातली ती केबल बसवताना तुम्ही त्याच कामगाराच्या जागी असता. तुमच्या मागून त्या खाचेत कुणीतरी आपल्या वर्षाची मेहनत घालणार आहे, एवढे ध्यानात ठेवा, पुस्तक उघडा, गाळलेली पिन शोधा आणि मगच हात पुढे करा.